दुसऱ्या संगणकाचा हक्क

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीला दिले जाणारे नेहमीचे पाठबळ थांबविले. त्याच दिवशी ‘ऑफिस २०१६’ आणि ‘ऑफिस २०१९’ यांचीही मुदत संपली. आपल्याकडील शाळा, कचेऱ्या, पतपेढ्या आणि मध्यमवर्गीय घरे यांतील पुष्कळ संगणक यांवरच चालत आलेले आहेत. त्यांतील बरेच संगणक ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाहीत. तेव्हा ज्याला शक्य झाले त्याने नवा संगणक घेतला. ज्याला शक्य नव्हते त्याने जुनाच पुढे चालविला. नवा घेणाऱ्यापुढे मात्र एक अनपेक्षित प्रश्न उभा राहिला. जुन्या संगणकासाठी पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर नव्यावर नेता येते काय? आणि जुना संगणक मुलांच्या अभ्यासासाठी घरातच ठेवला, तर तेच सॉफ्टवेअर दोन्हींवर वापरता येते काय?

याचे सरळ उत्तर कोणी देत नाही, कारण सरळ उत्तर नाही. संगणकाबरोबर आलेले सॉफ्टवेअर बहुधा त्याच संगणकाशी बांधलेले असते. यंत्र निकामी झाले की त्याच्याबरोबर तेही गेले. स्वतंत्रपणे विकत घेतलेले असेल, तर एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर नेण्याची मुभा साधारणतः असते; पण एकाच वेळी दोन्हींवर ठेवण्याची बहुधा नसते. वर्गणी भरून घेतलेले काही सॉफ्टवेअर पाच उपकरणांवरही चालते. मात्र वर्गणी थांबली की तेही थांबते. माणूस एक, त्याचे काम एक, लिहावयाचा मजकूरही एकच. परंतु त्याने पैसे कोणत्या खिडकीवर भरले यावर त्याचा हक्क ठरतो, आणि खिडकीखिडकीत एवढा फरक आहे हे पैसे भरताना त्याला बहुधा ठाऊक नसते.

हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो खरेदी कशाला म्हणावयाचे, हा जुनाच प्रश्न आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाली आणि शाळेतला वर्ग व कचेरीतले टेबल एका रात्रीत घरात आले. तेव्हापासून एका माणसाला दोन संगणक लागणे ही चैन राहिलेली नाही. शाळेत अर्धवट राहिलेली प्रश्नपत्रिका घरी पुरी करणारा शिक्षक कदाचित परवान्याच्या एखाद्या कलमाचा भंग करीत असतो, आणि त्याला त्याची जाणीवही नसते. अशा माणसाला भारतीय कायद्याने काही हक्क दिलेला आहे. तो त्याच्या हातापर्यंत पोहोचत नाही, ही खरी तक्रार आहे.

विक्री की परवानगी?

पुस्तक विकत घेतले की ते घरी वाचावे, लोकलमध्ये वाचावे, मित्राला द्यावे, नकोसे झाले तर रद्दीत घालावे. प्रकाशक विचारावयास येत नाही. त्याचा हक्क नव्या प्रती काढण्यावर असतो, विकून टाकलेल्या प्रतीवर नसतो. हा न्याय सॉफ्टवेअरला का लागला नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पूर्वी सॉफ्टवेअर बहुतेक यंत्राबरोबरच येई. १९६९ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने यंत्राची आणि सॉफ्टवेअरची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकण्याजोगी वस्तू झाली. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी संगणकाचा छंद असणाऱ्यांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. तुमच्यापैकी बहुतेकजण आमचे ‘बेसिक’ पैसे न देता वापरतात, मग चांगले सॉफ्टवेअर लिहावयाचे कोणी, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल गैर नव्हता.

सॉफ्टवेअरला कॉपीराइटचे संरक्षण नेमके किती आणि कसे मिळते, हे त्या काळी निश्चित नव्हते. अमेरिकेत ते १९८० च्या कायदादुरुस्तीने स्पष्ट झाले. तोपर्यंत उत्पादकांनी कराराचा आधार घेतला. आम्ही वस्तू विकत नाही, ती वापरण्याची परवानगी तेवढी देतो, अशी भाषा त्यांनी स्वीकारली. कायद्याचे छत्र डोक्यावर नसताना घेतलेला हा आडोसा समजण्यासारखा होता. परंतु छत्र आल्यावरही आडोसा सोडला गेला नाही. कॉपीराइटही हवा आणि करारही हवा, असे दुहेरी कुंपण उभे राहिले आणि ग्राहक त्यात अडकला.

सर्वांनीच हा मार्ग धरला असे नाही. ऐंशीच्या दशकात ‘टर्बो पास्कल’ विकणाऱ्या बोरलँड कंपनीचा परवाना मोजक्या ओळींचा होता. हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखे वापरा, असे त्यात सांगितले होते. ते कितीही माणसांनी वापरावे, एका संगणकावरून दुसऱ्यावर हवे तसे न्यावे. अट एकच, की एका ठिकाणी ते वापरात असताना त्याच वेळी दुसऱ्या ठिकाणी वापरले जाण्याची शक्यता असू नये. सामान्य माणसाच्या न्यायबुद्धीला पटणारा नियम वकिली भाषेशिवाय लिहिता येतो, याचा हा पुरावा आहे. पुढे हा नियम मागे पडला आणि त्याच्या जागी कोणी न वाचता ‘मान्य आहे’ म्हणावयाची लांबलचक पाने आली.

उत्पादकांची बाजू

उत्पादकांचे म्हणणे उडवून लावणे सोपे आहे. पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. सॉफ्टवेअरचा जवळजवळ सगळा खर्च पहिली प्रत तयार होईपर्यंत होतो. दुसऱ्या प्रतीला म्हणण्यासारखा खर्च येत नाही. म्हणूनच तिची चोरी सोपी असते आणि ती चोरी आहे असे चोरणाऱ्यालाही वाटत नाही. आपल्याकडे तर याची सवयच जडली होती. असेंबल केलेला संगणक दुकानातून घरी येई तो ‘सगळे टाकून’. त्या ‘सगळ्या’त विकत घेतलेले काय होते, हे विचारण्याचा प्रघात नव्हता. एक सीडी आणावयाची आणि कचेरीतल्या सर्व टेबलांवर फिरवावयाची, हेही अनेकांनी पाहिलेले आहे. परदेशी कंपन्या श्रीमंत आहेत, त्यांचे काय बिघडणार, असे त्याचे समर्थन केले जाई. पुण्यामुंबईतील लहान उद्योजकांनी कष्टाने बनविलेल्या सॉफ्टवेअरच्याही अशाच प्रती निघत, तेव्हा हे समर्थन कोठे जाई, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला नाही.

या चोरीवरचा उपाय म्हणून कुलपे आली. ‘लोटस १-२-३’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी सुरुवातीच्या काळात मूळ फ्लॉपी संगणकात घालावी लागे. मराठी अक्षरजुळणीच्या क्षेत्रात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ आणि त्यासारखी इतर सॉफ्टवेअर आली. अशा सॉफ्टवेअरबरोबर संगणकाला जोडावयाचे एक छोटे ‘लॉक’ देण्याची पद्धत होती. लॉक एक, म्हणून काम करणारा संगणकही एक. युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक कंपनीची अक्षरांची सांकेतिक मांडणी निराळी असे. त्यामुळे तो फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर मराठी मजकूर उघडला, तर अर्थहीन रोमन अक्षरांच्या रांगा दिसत. म्हणजे सॉफ्टवेअरवर घातलेले बंधन लेखकाच्या स्वतःच्या मजकुरावरही पडत असे. आपल्या हाताने लिहिलेला लेख आपल्याच दुसऱ्या संगणकावर वाचता येऊ नये, हा अनुभव मराठी लेखकांच्या आणि मुद्रकांच्या एका पिढीने घेतलेला आहे. युनिकोडने ती अडचण पुष्कळशी दूर केली. पण कुलूप चोरासाठी लावलेले असले तरी दाराशी मालक अडतो, हा धडा त्यातून मिळाला.

यंत्रे मोजावी की माणसे?

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एका खरेदीवर वीस टेबलांवर वीस माणसे काम करीत असतील, तर उत्पादकाचे एकोणीस ग्राहक बुडाले, हे मान्य केले पाहिजे. एक माणूस शाळेत एका संगणकावर आणि रात्री घरी दुसऱ्या संगणकावर काम करीत असेल, तर कोणाचा कोणता ग्राहक बुडाला? त्याला दोन डोकी नाहीत आणि तो एका वेळी दोन ठिकाणी बसू शकत नाही. त्याने दुसरी प्रत विकत घेतली असती, हे गृहीतही खरे नाही. त्याने ते काम घरी केलेच नसते किंवा चोरटी प्रत शोधली असती. अन्याय्य बंधन प्रामाणिक माणसाला चोरीच्या वाटेवर ढकलते, हा त्याचा सर्वांत वाईट परिणाम आहे.

हा भेद उत्पादकांना ठाऊक नाही असे नव्हे. ‘ऑफिस’च्या जुन्या परवान्यांत मुख्य संगणकाशिवाय त्याच माणसाच्या लॅपटॉपवर आणखी एक प्रत ठेवण्याची सवलत असे. ॲडोबी कंपनीनेही दोन संगणकांवर सॉफ्टवेअर ठेवण्याची मुभा दिली. फक्त दोन्हींवर एकाच वेळी वापर करू नये, एवढेच बंधन घातले. २०१३ साली घडलेला प्रकार अधिक बोलका आहे. त्या वर्षी जानेवारीअखेर बाजारात आलेले ‘ऑफिस २०१३’ ज्या संगणकावर प्रथम बसविले त्याच्याशीच कायमचे बांधलेले होते. संगणक बदलला की नवी खरेदी. ग्राहकांनी ओरड केली आणि मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने अट बदलून ते दुसऱ्या संगणकावर नेण्यास परवानगी दिली. दोन महिन्यांच्या आत जी अट मागे घेता आली ती तंत्रज्ञानाने लादलेली नव्हती, हे उघड आहे. तो व्यापारी निर्णय होता. व्यापारी निर्णय करण्याचा हक्क कंपन्यांना आहे. मात्र तो निर्णय कायद्याने दिलेल्या हक्काच्या वर बसू शकतो काय, हे पाहिले पाहिजे.

आपला कायदा काय म्हणतो?

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या सॉफ्टवेअरचा समावेश साहित्यकृतींत झाला. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक महत्त्वाचा अपवाद आला. सॉफ्टवेअरची प्रत ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे, त्याने ज्या कामासाठी ते पुरविले गेले त्या कामाकरिता प्रत काढली, किंवा नाश होण्याच्या भीतीने राखीव प्रत काढली, तर तो कॉपीराइटचा भंग होत नाही. यातील ‘कायदेशीर ताबा’ हे शब्द मोलाचे आहेत. अमेरिकेत १९७८ साली एका राष्ट्रीय आयोगाने जवळजवळ याच शब्दांची शिफारस केली होती. परंतु १९८० साली काँग्रेसने ‘ताबा असणारा’ हे शब्द काढून ‘मालक’ हा शब्द घातला. त्याची किंमत तेथील ग्राहकांनी मोजली. टिमोथी व्हर्नर या गृहस्थाने ‘ऑटोकॅड’च्या जुन्या प्रती विकत घेऊन पुन्हा विक्रीस काढल्या, तेव्हा २०१० साली तेथील अपील न्यायालयाने निकाल दिला, की ऑटोडेस्क कंपनीने त्या प्रती मुळात विकल्याच नव्हत्या, परवान्याने दिल्या होत्या, सबब मालक कोणीच झाला नाही. आपल्या संसदेने मालकीच्या वादात न शिरता ताब्याला महत्त्व दिले, हे शहाणपणाचे झाले.

१९९९ च्या दुरुस्तीने संसद आणखी एक पाऊल पुढे गेली. स्वतः कायदेशीरपणे मिळविलेल्या प्रतीवरून बिगर-व्यापारी, वैयक्तिक उपयोगासाठी सॉफ्टवेअरच्या प्रती काढणे हाही कॉपीराइटचा भंग नाही, असे कलम तिने घातले. घरच्या दुसऱ्या संगणकाचा हक्क याहून स्पष्ट शब्दांत कोणता कायदा देणार? अर्थात त्याच्या मर्यादा आहेत. कचेरीने घेतलेली प्रत कारकुनाने ‘स्वतः मिळविलेली’ ठरत नाही. ती घरी नेऊन बसविण्यास हे कलम आधार देत नाही. शाळेची प्रश्नपत्रिका घरी करणे हा ‘वैयक्तिक’ उपयोग की नोकरीचा भाग, यावर वकील वाद घालू शकतील. पण स्वतःच्या पैशाने घेतलेले सॉफ्टवेअर स्वतःच्या दोन संगणकांवर, स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा लेखनासाठी ठेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या किंवा शिक्षकाच्या बाजूने हे कलम उभे आहे, यात शंका नाही.

न्यायालयांचा कलही विचारात घेण्यासारखा आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की तयार, बाजारात मिळणारे सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ आहे आणि तिच्यावर विक्रीकर बसतो. २ मार्च २०२१ रोजी आयकराच्या एका मोठ्या वादात न्या. रोहिंटन नरीमन यांनी लिहिलेल्या निकालात हीच भूमिका पुढे नेली गेली. ग्राहकाशी होणाऱ्या करारास परवाना म्हटले जात असले तरी त्याने कॉपीराइटमधील कोणताही हक्क ग्राहकाकडे जात नाही. त्या करारात वापराच्या अटी असतात आणि मूळ व्यवहार मालाच्या विक्रीचा असतो, असे न्यायालयाने म्हटले. हे दोन्ही निकाल कराच्या संदर्भातील आहेत, हे विसरून चालणार नाही. तरीही त्यातून निर्माण होणारी विसंगती लपत नाही. सरकार कर घ्यावयास येते तेव्हा ती वस्तूची विक्री असते. ग्राहक हक्क मागावयास जातो तेव्हा ती परवानगी होते. एकच पेटी दोन दारांतून दोन नावांनी आत-बाहेर होते.

हक्क आणि कुलूप

असे असूनही हा हक्क निरुपयोगी का ठरतो? याला दोन कारणे आहेत. पहिले कारण करार. कलम ५२ सांगते की अमुक कृती कॉपीराइटचा भंग नाही. पण ‘ही कृती करणार नाही’ असे वचन कंपनीने ग्राहकाकडून लिहून घेतले तर ते वचन रद्दबातल समजावे, असे ते सांगत नाही. दुसरे कारण कुलूप. २००१ साली ‘विंडोज एक्सपी’बरोबर ॲक्टिव्हेशनची पद्धत सर्वत्र आली. सॉफ्टवेअर संगणकाच्या भागांची ओळख टिपते, कंपनीच्या यंत्रणेकडे कळविते आणि तिने मान डोलविली तरच चालू राहते. कायद्यातील अपवाद न्यायाधीशाला कळतो. कुलपाला कळत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने असे संरक्षक उपाय मोडणे हा गुन्हा केला आणि त्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. याही ठिकाणी संसदेने तारतम्य सोडले नव्हते. हक्काचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप मोडले तरच तो गुन्हा आहे; कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या हेतूसाठी ते उघडण्यास अडसर नाही. एवढेच नव्हे, तर उघडण्यास मदत करणाऱ्याने कोणासाठी व कशासाठी मदत केली याची नोंद ठेवावी, असेही कायदा सांगतो. कागदावर ही व्यवस्था समंजस आहे. पण प्राथमिक शाळेतील शिक्षकाने कुलूप उघडून देणारा कारागीर कोठे शोधावयाचा आणि तो चोरांचा साथीदार नाही हे कसे ओळखावयाचे? त्यातून दुसऱ्या बाजूला कलम ६३ ब उभे आहे. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड त्यात सांगितला आहे. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. अशा स्थितीत सरळमार्गी माणूस हक्क बजावीत नाही. तो दुसरी प्रत विकत घेतो, किंवा काम सोडून देतो.

कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या हाती असण्याचा आणखी एक धोका आहे. ॲडोबीने आपल्या ‘क्रिएटिव्ह सूट २’साठीची ॲक्टिव्हेशनची यंत्रणा २०१३ च्या सुमारास बंद केली. कंपनीने जुन्या ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशनशिवाय चालणारी प्रत उपलब्ध केली, हे तिचे सौजन्य. पण कंपनीच बुडाली असती तर सौजन्य कोणी दाखविले असते? त्याआधी जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडल उपकरणांतून विकलेली पुस्तके परस्पर काढून घेतली होती. विकणाऱ्याला ती विकण्याचा हक्क नव्हता, हे त्याचे कारण. त्यांत ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी होती. पैसे परत दिले गेले आणि पुढे माफीही मागितली गेली. मात्र ग्राहकाच्या घरातील वस्तूपर्यंत विक्रेत्याचा हात पोहोचतो, ही गोष्ट सर्वांना कळून चुकली.

आता या सर्व कटकटींवर वर्गणीचा उपाय सांगितला जातो. दुसऱ्या संगणकाची अडचण तो खरोखरच सोडवितो. पण विक्रीच नाहीशी करून सोडवितो. ॲडोबीने २०१३ साली नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीने देण्याचे ठरविले. ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ची वर्गणी संपली की आपल्याच फाइली वाचता येतात, पण संगणकावरील त्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांत दुरुस्ती करता येत नाही. नोकरीत असताना ही रक्कम जाणवत नाही, निवृत्तीनंतर जाणवते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गिरगावच्या चाळीतील भाडेकरूला जेवढे संरक्षण दिले होते, तेवढे या नव्या भाडेकरूला कोठेच नाही.

काय करता येईल?

युरोपने या बाबतीत दिलेला धडा घेण्यासारखा आहे. तेथील १९९१ च्या निर्देशाने, आणि त्याच्या जागी आलेल्या २००९ च्या निर्देशाने, राखीव प्रत काढण्याचा हक्क करारानेही हिरावता येणार नाही, तसा करार रद्द समजला जाईल, असे स्पष्ट म्हटले आहे. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने ‘युज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल’ या खटल्यात आणखी पुढचे सांगितले. एकरकमी मोल घेऊन कायमच्या वापराचा हक्क दिला असेल, तर त्याला परवाना म्हणा की आणखी काही म्हणा, ती विक्रीच होय. ग्राहकाने स्वतःची प्रत निरुपयोगी केली तर तो ते सॉफ्टवेअर दुसऱ्याला विकू शकतो. युरोपने दुसऱ्या संगणकाचा हक्क दिला असे नव्हे. त्या हक्काचा मजकूर आपल्या कायद्यात अधिक उदार आहे. आपल्याकडे उणीव आहे ती त्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या एका वाक्याची: कलम ५२ मधील सॉफ्टवेअरविषयक अपवादांच्या विरुद्ध जाणारी करारातील अट रद्दबातल समजावी. त्याच्या जोडीला, वैयक्तिक ग्राहकाला त्याच्या दुसऱ्या संगणकावर ॲक्टिव्हेशन नाकारता येणार नाही, एवढे बंधन घातले तरी पुरे. एका माणसाने एका वेळी एका ठिकाणी वापर करावा, ही अट कंपन्यांनी खुशाल ठेवावी. तिला कोणी समंजस माणूस हरकत घेणार नाही.

दुसरी गोष्ट विक्रीच्या भाषेची. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली केलेला आणि १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेला कायदा सांगतो, की डिजिटल माल परवान्याने देताना ‘खरेदी करा’ असे म्हणावयाचे असेल, तर मिळते ती मालकी नसून परवाना आहे हे ग्राहकाला ठळकपणे सांगितले पाहिजे. आपल्याकडे किती संगणकांवर, किती काळ आणि संगणक बदलल्यास काय, या तीन प्रश्नांची उत्तरे किमतीशेजारी मराठीत छापावयास लावणे कठीण नाही.

तिसरी गोष्ट अन्याय्य करारांची. विधि आयोगाने २००६ सालच्या १९९ व्या अहवालात अशा अटींसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार मांडला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना आली; पण त्याविषयीची तक्रार राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच नेता येते, जिल्हा आयोगाकडे नाही. काही हजारांच्या सॉफ्टवेअरसाठी सातारच्या किंवा नांदेडच्या शिक्षकाने राज्य आयोग गाठावा, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. हा अधिकार जिल्ह्यापर्यंत आणला पाहिजे.

मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग आज खुला आहे आणि तो अधिक लोकांनी धरावा. लिबरऑफिस कितीही संगणकांवर बसविण्यास परवानगी विचारावी लागत नाही. केरळने आपल्या शाळांतून मुक्त प्रणाली रुजविली; केंद्र सरकारनेही २०१५ साली आपल्या यंत्रणांसाठी अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. परंतु ज्याच्या कचेरीत, परीक्षा मंडळात किंवा छापखान्यात विशिष्ट सॉफ्टवेअरचाच आग्रह आहे, त्याला हा मार्ग अर्धाच उपयोगी पडतो. शाळा आणि सरकारी खात्यांनी खरेदी करतानाच कर्मचाऱ्याच्या घरच्या संगणकावरील वापर करारात घालून घेतला, तर त्याचीही अडचण पुष्कळशी दूर होईल. घाऊक ग्राहकाला जे मागता येते ते किरकोळ ग्राहकाला मागता येत नाही.

या मागण्या करताना आपले हात स्वच्छ असले पाहिजेत. वीस टेबलांवर एक सीडी फिरविणाऱ्या कचेरीने ग्राहकहक्काची भाषा बोलू नये. तिच्यामुळेच प्रामाणिक ग्राहकाच्या दाराला कुलूप लागते. शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या संघटनांनी वेतनआयोगाच्या मागण्यांबरोबर ही एक लहानशी मागणी खासदारांकडे न्यावी. संसदेने १९९४ साली आणि पुन्हा १९९९ साली सामान्य माणसाचा विचार करून दोन चांगली कलमे लिहिली. ती आजही कायद्यात आहेत. त्यांना कराराच्या बारीक अक्षरांपासून वाचविण्याचे काम मात्र शिल्लक राहिले आहे.